बाक ज्याचा त्याचा

कंबरदुखीसाठी एमआरआय काढलेल्या कुणाचाही रिपोर्ट घेऊन वाचा. पहिल्या दोन-चार ओळींत 'लॉस ऑफ लंबर लॉर्डोसिस' किंवा 'स्ट्रेटनिंग ऑफ लंबर स्पाइन' असे शब्द सापडण्याची बरीच शक्यता आहे. कमरेचा बाक कमी दिसतो आहे, कणा सरळ दिसतो आहे, एवढंच त्या शब्दांत असतं. पण हातात रिपोर्ट आणि कमरेत कळ असलेल्या माणसाच्या मनात त्या ओळीचं काय होतं, ते मी भोगलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. दिवसभर फळ्यापुढे उभं राहायचं, वह्यांचे गठ्ठे इकडून तिकडे न्यायचे, घरी आलं की ओट्यापाशी पुन्हा उभं राहायचं. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटातून काढताना कमरेत उसण भरली. उसण आमच्या घरात नवीन नाही. शेकायचं, थोडं पडून राहायचं, आठवड्याभरात माणूस कामाला लागतो. या वेळी दुखणं लांबलं. वाकलं की चमक यायची, बसून उठलं की कळ जायची. शेजारणींनी आणि स्टाफरूमने एकमुखाने सांगितलं, "एकदा एमआरआय काढूनच घ्या बाई, मनात शंका नको." काढला. शंका गेली नाही, वाढली.

रिपोर्टात लिहिलं होतं की कमरेचा बाक सरळ झाला आहे आणि तो स्नायू आखडल्यामुळे असावा. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती किंचित फुगली होती, काही चकत्यांमधलं पाणी कमी झालं होतं. नसेवर दाब नाही, हे शेवटच्या ओळीत होतं. ती ओळ मला कुणी वाचून दाखवली नाही.

कुणीतरी एका स्पाइन क्लिनिकचं नाव सुचवलं. तिथल्या टेबलावर कण्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं. त्याच्या कमरेवरून बोट फिरवत मला समजावण्यात आलं की निरोगी कण्याचा बाक असा असतो आणि माझा गेला आहे. तो परत आणला नाही तर सगळा भार चकत्यांवर येईल, पुढे पाय जड पडतील. बाक परत आणण्याचं पॅकेज होतं. त्यात ट्रॅक्शन होतं, कमरेखाली ठेवायची कमानदार उशी होती, दिवसभर बांधायचा पट्टा होता आणि काय करायचं नाही याची यादी होती. वाकायचं नाही. मांडी घालून बसायचं नाही. केर काढायचा नाही. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. ही बंधनं किती काळ पाळायची, याला उत्तर एकच होतं: बाक येईपर्यंत.

बाक काही येत नव्हता. मी रोज रात्री जमिनीवर उताणी पडून कमरेखाली हात सरकवून बघायची, फट वाढली का ते. हळदीकुंकवाला खुर्ची मागायची. दळणाचा डबा शेजारच्या मुलाकडून उचलून घ्यायची. भावाची नात दोन्ही हात वर करून पुढ्यात उभी राहायची आणि मी तिला कडेवर घ्यायची नाही. पट्टा सोडला की कंबर कशाच्याच आधारावर नाही असं वाटे, म्हणून तो झोपेपर्यंत बांधलेला असे. दुखणं थोडं हललं होतं, पण भीती मुक्कामाला आली होती. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या काळात माझ्या कमरेचं जे नुकसान झालं ते चकतीने केलेलं नव्हतं. न वाकण्याने आणि न हलण्याने झालेलं होतं.

याच काळात माझ्या मुलीचं प्रकरण झालं. ती कॉलेजात आहे, लहानपणापासून भरतनाट्यम शिकते. तिच्या कमरेला पहिल्यापासून खोल पन्हाळ आहे. माझ्या सासूबाईंची ठेवणही तशीच होती. मुलीची कंबर कधी दुखली नाही. कॉलेजच्या जिममध्ये एका प्रशिक्षकाने तिला भिंतीला टेकून उभं केलं, भिंत आणि कंबर यांच्यामधल्या फटीत हात घातला आणि सांगितलं, "तुझा बाक फार जास्त आहे, आत्ताच दुरुस्त कर, नाहीतर तिशीत कंबर जाईल." तेव्हापासून ती पोट आवळून, बसायचं हाड आत ओढून चालायला लागली. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवलेल्या अर्ध्या बैठकीत, बसताना मांड्यांचे सांधे धरू लागले, म्हणून तिने नाचाचा क्लास बंद करायचं ठरवलं.

एकाच घरात एकीला सांगितलं होतं की बाक गेला, दुसरीला सांगितलं होतं की बाक जास्त झाला. दोघींनाही बरोबर बाक कुठला, ते कुणी सांगितलं नव्हतं. हा प्रश्न मी एका सरकारी रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागाच्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांच्याकडे दूरच्या नात्यातून ओळख निघाली होती.

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी मला तपासलं. वाकायला लावलं, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं, पाय सरळ उचलून पाहिले, गुडघ्यावर हातोडीने ठोकलं, तळव्याला टाचणी लावून विचारलं, "दोन्हीकडे सारखं कळतं का?" मग विचारलं, "बाई, एमआरआय काढताना गुडघ्याखाली उशी दिली होती का?"

दिली होती. जवळजवळ सगळ्यांनाच देतात, कारण तेवढा वेळ उताणं पडून राहायचं तर पाय थोडे दुमडलेले बरे वाटतात. पण पाय दुमडले की कमरेखालचं हाडांचं कडं, म्हणजे पेल्विस, मागे कलतं आणि कमरेचा बाक आपोआप कमी होतो. स्वतः करून बघा. उताणं पडा, कमरेखाली हात घाला, मग गुडघे वर घेऊन पावलं टेकवा. फट लगेच कमी होते. एमआरआयच्या यंत्रात मी अशीच पडले होते आणि त्या चित्रावरून माझा बाक गेला, असा निवाडा झाला होता. उभ्या माणसाचा बाक किती, हे उभ्याने काढलेल्या एक्स-रेवरून कळतं. स्नायू आखडले आहेत हेसुद्धा त्या चित्रात दिसत नाही. बाक कमी दिसला म्हणून ते गृहीत धरलेलं असतं. आखडलेला स्नायू हाताला लागतो आणि त्यासाठी पाठीला हात लावावा लागतो. क्लिनिकमध्ये माझ्या पाठीला तोवर कुणी हात लावला नव्हता.

त्या दिवशी आणि पुढच्या काही भेटींत डॉक्टरांनी जे समजावलं आणि नंतर मी स्वतः वाचून पडताळलं, ते जरा सविस्तर सांगते. या विषयातलं अज्ञान फार महाग पडतं.

तान्ह्या बाळाची पाठ एका मोठ्या कमानीसारखी पुढे वळलेली असते, कमरेचा बाक असा नसतोच. मान धरता येऊ लागते तेव्हा मानेचा बाक तयार होतो. मूल बसायला, रांगायला, उभं राहायला लागलं की कमरेचा. दोन पायांवर तोल सांभाळायचा तर धड पायांच्या बरोबर वर यावं लागतं, त्यासाठी कमरेला हे वळण घ्यावं लागतं. नुकतं चालायला लागलेलं मूल पोट पुढे काढून चालतं ते यामुळेच. आज्या त्याला कौतुकाने 'शेटजी' म्हणतात, आणि त्यात काळजीचं काही नसतं.

कमरेचे पाच मणके आणि त्यांच्या खाली त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड. बाक मोजायचा तर पहिल्या मणक्याचा वरचा पृष्ठभाग आणि त्रिकास्थीचा वरचा पृष्ठभाग यांच्यामधला कोन घेतात. ही पद्धत अमेरिकन शल्यचिकित्सक जॉन कॉब यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९४८ मध्ये मांडली ती बाजूला वाकलेल्या कण्यासाठी, पुढे कमरेसाठीही वापरली जाऊ लागली. या बाकाचा मोठा वाटा, साधारण दोन तृतीयांश, अगदी तळाच्या दोन जोडांमध्ये असतो. म्हणजे वरवर जिथे पन्हाळ दिसते, खरं वळण त्याच्या खाली असतं.

आता मूळ प्रश्न: निरोगी माणसाचा हा कोन किती? फ्रान्समध्ये कंबरदुखी नसलेल्या ३०० स्वयंसेवकांचे उभ्याने एक्स-रे काढून केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी कोन ६० अंशांच्या आसपास निघाला. पण माझ्यासारखीला सरासरीपेक्षा महत्त्वाचा होता तो पसारा. कुणाचा कोन ३० अंशांच्या घरात, कुणाचा ८० च्या पुढे. दोघांमध्ये दुपटीहून जास्त फरक, आणि दोघेही ठणठणीत. रक्तातल्या साखरेसारखी इथे एक रेघ मारून अलीकडे निरोगी, पलीकडे आजारी असं म्हणता येत नाही.

त्याच वर्षी फ्रान्समधल्याच ल्यों शहरातले शल्यचिकित्सक पिअर रूसुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६० निरोगी लोकांच्या कण्यांचे चार प्रकार दाखवले. एकात बाक छोटा आणि अगदी खाली असतो, त्याच्या वर पाठीची लांब पुढची कमान. दुसऱ्यात सगळी पाठच सपाट. तिसऱ्यात पुस्तकात छापतात तसं मध्यम, समतोल वळण. चौथ्यात लांब आणि खोल बाक. क्लिनिकच्या टेबलावरचं मॉडेल तिसऱ्या प्रकाराचं होतं. माझी पाठ दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारी आहे, मुलीची चौथ्या. चारही प्रकार निरोगी माणसांमधलेच आहेत.

हा फरक येतो कुठून? माणूस कसा बसतो, कसा उभा राहतो यावरून येतो, असं आपण मानत आलो. थोडा येतोही. पण मोठा भाग येतो कमरेखालच्या हाडांच्या ठेवणीतून. फ्रेंच संशोधक जिनेट द्युवाल-बोपेर यांनी १९९० च्या दशकात पेल्विक इन्सिडन्स नावाचा एक कोन मांडला. त्रिकास्थी खुब्याच्या सांध्यांच्या तुलनेत किती कलून बसली आहे, ते तो सांगतो. प्रौढांमध्ये तो साधारण ३५ ते ८५ अंशांपर्यंत कितीही असू शकतो आणि वाढ पूर्ण झाल्यावर व्यायामाने, पट्ट्याने किंवा उशीने बदलत नाही. चुलीमागच्या उतरंडीत तळाचा माठ जसा बसला असेल तशी वरची मडकी रचावी लागतात. कण्याचंही तसंच आहे. तळाचं हाड जास्त कललेलं असेल तर तोल राखायला वर खोल बाक लागतो. त्याचा वरचा पृष्ठभाग जवळजवळ आडवा असेल तर थोडका बाक पुरतो. मुलीची हाडं आजीवर गेली, माझी माझ्या माहेरावर. खोल बाकाच्या माणसाला सपाट करायचं किंवा सपाट पाठीच्या माणसात बाक आणायचा, म्हणजे त्याच्या हाडांशी भांडायचं.

स्त्रियांविषयी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली. २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं की बाकाला आधार देणारे, मागून जरा बारीक झालेले पाचरीच्या आकाराचे मणके स्त्रियांमध्ये तीन असतात आणि पुरुषांमध्ये दोन. पोटात बाळ वाढतं तेव्हा शरीराचा भार पुढे जातो. तो सांभाळण्यासाठी बाई कमरेतून मागे रेलते आणि तेव्हा ही रचना कामी येते. लाखो वर्षांपूर्वीच्या, दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या जीवाश्मांतही हा फरक सापडला. आपल्या आया-आज्या ज्या पन्हाळीमुळे मुलगी 'मिरवत चालते' म्हणून ओरडत आल्या, तिच्यामागे एवढा मोठा इतिहास आहे.

भिंतीच्या चाचणीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती आता सगळीकडे चालते. भिंत आणि कंबर यांच्यातली फट हाडांचा बाक दाखवत नाही. नितंबांचा भरीवपणा, पाठीवरचं मांस, खांद्यांची ठेवण, श्वास आत घेतला की सोडला, या सगळ्यांनी ती बदलते. भरलेल्या अंगाच्या बाईची फट मोठी दिसेल आणि एक्स-रेत तिचा बाक मध्यम निघेल. शिवाय तोच माणूस सकाळी, संध्याकाळी, दमलेला असताना, कुणी बघत असताना वेगवेगळा उभा राहतो. खाली बसलं की बाक कमी होतो, मांडी घातली की आणखी कमी होतो, वाकलं की जवळजवळ जातो, उठलं की परत येतो. असं बदलत राहणं हेच कमरेचं काम आहे. डॉक्टर कमरेची तपासणी करतात तेव्हा त्रिकास्थीच्या वर दोन खुणा १० सेंटिमीटर अंतरावर करून माणसाला वाकायला लावतात. निरोगी कमरेत ते अंतर साधारण १५ पर्यंत ताणलं जातं. या तपासणीत कंबर किती हलते ते बघतात, तिचा आकार मोजत नाहीत.

पण दुखणाऱ्या माणसाचा बाक खरंच कमी नसतो का? काही अभ्यासांत कंबरदुखी असलेल्यांची सरासरी किंचित कमी आली, काहींत फरकच आला नाही. आणि जिथे फरक आला तिथेही दुखणारे आणि न दुखणारे इतके एकमेकांत मिसळलेले असतात की एका माणसाचा कोन बघून त्याची कंबर दुखते की नाही, हे सांगता येत नाही. वाढत्या वयात चकत्या पातळ होतात, तसा बाकही थोडा उतरतो, तेही बहुतेकांत आपसूक घडतं.

चकत्यांविषयीची माझी भीती एका २०१५ च्या अभ्यासाने गेली. तोवर झालेले ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० लोकांच्या कमरेची चित्रं त्यात पाहिली होती. यातल्या कुणालाही कंबरदुखी नव्हती. विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये चकत्यांची झीज दिसली, पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांमध्ये. फुगलेली चकती विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. आपल्याकडे ज्याला 'मणक्यात गॅप आलाय' म्हणतात आणि ज्या एका वाक्यावर माणसं नोकरी सोडतात, शेतात जायचं बंद करतात, त्यातलं बरंचसं माझ्या वयाच्या न दुखणाऱ्या कमरेतही असतंच. माझ्या रिपोर्टातल्या तिन्ही गोष्टी माझ्या वयाच्या आणि माझ्या ठेवणीच्या बाईत अगदी नेहमीच्या निघाल्या.

डॉक्टरांनी पट्टा एकदम सोडायला लावला नाही. आधी घरात सोडायचा, मग शाळेत. चालणं सुरू केलं, आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग नदीकाठापर्यंत. फिजिओथेरपिस्टने मला मुद्दाम वाकायला लावलं. सुरुवातीला खुर्चीत बसून, मग उभ्याने, मग हातात पाण्याची बाटली घेऊन, मग बादली. पहिल्या वेळी वाकताना माझे हात थरथरत होते, दुखण्याने नव्हे, भीतीने. दुखलं तरी त्याने काही तुटत नाही, हे कमरेला आणि मनाला दोघांनाही शिकवावं लागलं. त्याला काही महिने लागले. आज मी मांडी घालून जेवते, केर काढते, कपाटातले गठ्ठे काढते. कधीमधी कंबर धरते, मग सुटते. बाक होता तेवढाच आहे. तो मोजणं मी बंद केलं.

मुलीला फारसं काही करावं लागलं नाही. बसायचं हाड आत ओढून चालणं थांबवलं आणि मांड्यांचं दुखणं थांबलं. ती पुन्हा नाचते.

आता ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आहे त्यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज तिथे दिला आहे. गंभीर कारण नसलेल्या जुनाट कंबरदुखीत नेहमीचा उपाय म्हणून पट्टे वापरू नयेत आणि ट्रॅक्शन देऊ नये, असं ही तत्त्वं स्पष्ट सांगतात. व्यायाम, दुखण्याविषयी नीट समजावून सांगणं, मनाला आधार, यांची शिफारस करतात. माझ्या पॅकेजमध्ये जे होतं ते नको असलेल्या यादीत आणि जे नव्हतं ते हव्या असलेल्या यादीत होतं.

तेव्हा कुणी 'बाक परत आणून देतो' म्हणालं तर त्यांना विचारा: मोजलेला कोन किती आहे, तो उभ्याने मोजला की पडून, माझ्या पेल्विसच्या ठेवणीला किती बाक योग्य आहे आणि तुमच्या उपचाराने तो बदलल्याचं तुम्ही मोजून दाखवणार आहात का. ही उत्तरं मिळाल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नका. आणि नुसता बाक बघण्यासाठी पुन्हा पुन्हा एक्स-रे काढू नका. छातीच्या एक्स-रेपेक्षा कमरेच्या एक्स-रेत किरणांची मात्रा कित्येक पट जास्त असते.

पण बाकाकडे कधीच बघू नये, असं मी म्हणत नाही. काही आजारांत तो खरोखर बदलतो आणि तिथे वेळ दवडणं घातक आहे. तरुण वयात कंबर दुखू लागली, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली राहते, उत्तररात्री दुखण्याने जाग येते आणि हालचालीने बरं वाटतं, पडून राहण्याने वाढतं, तर अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसची तपासणी करून घ्या. त्या आजारात कंबर हळूहळू खरंच सपाट आणि ताठ होते, आणि लवकर निदान झालं तर चांगली औषधं आहेत. संध्याकाळचा ताप, उतरत जाणारं वजन, रात्रीचा घाम आणि पाठीत एका जागी सतत दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. आपल्या देशात ही शक्यता कायम डोळ्यांपुढे ठेवावी. ज्येष्ठ स्त्री साध्या धक्क्याने किंवा पडल्यावर पाठ धरून बसली तर ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाची नवी पाठदुखी अंगावर काढू नये.

लहान मुलाच्या कमरेचा बाक दिवसेंदिवस वाढतो आहे, ते डुलत चालतं, जिना चढताना दमतं, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येतं, तर त्याच्या उभं राहण्याला नावं ठेवू नका. ते स्नायूंच्या आजाराचं लक्षण असू शकतं, तातडीने बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल पुढे वाकल्यावर बाक जात असेल, दुखत नसेल, ते धावत-खेळत असेल, तर बहुतेक वेळा ती त्याची ठेवण असते. आणि कुठल्याही वयात लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं, पाऊल उचलता न येणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.

ज्यांच्या मणक्यांवर रॉड आणि स्क्रू घालून शस्त्रक्रिया होणार आहे त्यांच्या बाबतीत बाकाचा हिशेब फार काळजीने करावाच लागतो. जुन्या पद्धतीच्या काही शस्त्रक्रियांनंतर कंबर सपाट जोडली गेली आणि रुग्णांना ताठ उभं राहणं कठीण झालं, तेव्हापासून शल्यचिकित्सक माणसाच्या पेल्विसप्रमाणे त्याचा बाक ठरवतात. म्हणजे जिथे बाक खरोखर महत्त्वाचा आहे तिथेसुद्धा एकच माप सगळ्यांना लावत नाहीत.

एक विनंती रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना. तुमचा रिपोर्ट आता पहिल्यांदा रुग्णाच्या मोबाइलवर येतो, तज्ज्ञांपर्यंत नंतर पोचतो. 'बाक सरळ दिसतो' असं लिहाल तिथे आणखी एक ओळ लिहा: हे चित्र पडलेल्या स्थितीतलं आहे, आणि कंबर न दुखणाऱ्या अनेकांतही असं दिसतं. दुखण्याने आधीच घाबरलेला माणूस ती ओळ सगळ्यात आधी वाचेल.